आठ हजार वेढे

कामतघर, भिवंडी
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दाजींस,
धाकटा मेहुणा रवींद्र याचा सविनय जय भीम.

पत्र बघून दचकू नका. कुणाला काही झालेलं नाही. सोनलची सर्दी गेली, माझं पित्त आहे तिथेच आहे, आणि आमच्या लेकीची, मेघालीची, नर्सची ड्युटी पुन्हा सकाळची झाल्यामुळे घरात दुपारचं माणूस दिसू लागलं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? अकलोलीच्या गरम कुंडात रोज सकाळी तासभर पाय सोडून बसता आणि कुणाशी बोलत नाही, असं मेघालीच्या कानावर आलं. (ती तुमच्यावर पाळत ठेवत नाही. तिच्या दवाखान्यात अकलोलीची माणसं येतात आणि आपणहून सांगतात.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता, "बरं" म्हणता आणि ठेवून देता. पत्राला "बरं" म्हणून ठेवता येत नाही. निदान पान उलटावं तरी लागतं.

विषय गिटारचा आहे. आता पान उलटू नका.

ताई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तुम्ही इथल्या खोलीला कुलूप लावलंत, अकलोलीला निघताना किल्ली माझ्या हातात दिलीत, गिटार माझ्या खांद्याला लावलीत आणि म्हणालात, "लाकूड आहे. ठेव, नाहीतर चुलीत घाल." आमच्याकडे गॅस आहे, म्हणून ठेवली. दोन वर्षं ती कपाटावर झोपून होती. मागच्या दिवाळीत साफसफाईसाठी खाली काढली, पुसली, आणि पुसताना सहाव्या तारेला अंगठा लागला. वायर न जोडता, अँप्लिफायरशिवाय, नुसती तार. तेवढ्याशा आवाजाने मला एकदम लूमच्या शेडमागचं मैदान आठवलं. संध्याकाळची वेळ, तुमची गायन पार्टी, बांबूला बांधलेले दोन भोंगे, आणि तुम्ही टेरिकॉटचा पांढरा शर्ट घालून खाली बघत वाजवत होतात. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला, कापडाच्या ताग्यांवर बसलो होतो. शेजारी ताई होती. तिने तुमच्याकडे न बघता मला विचारलं होतं, हा कोण. (पुढचं तुम्हाला माहीत आहे.) त्या आवाजाला काय म्हणावं ते मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. दुधावर साय धरावी तसा तो हवेवर धरायचा. घरी आल्यावरसुद्धा कानात राहायचा, आणि झोप लागताना वाटायचं की आपण कुठल्यातरी संथ पाण्यावरून चाललो आहोत.

म्हणून मी प्रितेशकडून अँप मागून आणला. प्रितेश म्हणजे तुमच्या केसरीनाथचा मुलगा, हळदीला बेंजो वाजवतो तो. वायर जोडली, तार छेडली, आणि पत्र्यावर कुणीतरी चमच्यांची पेटी उपडी केली. सोनल आतून धावत आली आणि काय पडलं म्हणून विचारू लागली. मी तिला गिटार दाखवली. ती म्हणाली, पुन्हा पाडू नका.

चौकशीत निघालं असं की पाच-सहा वर्षांपूर्वी प्रितेशने ती तुमच्याकडून एका हळदीपुरती नेली होती, आणि समोरच्या गल्लीतल्या डीजेपुढे टिकाव लागावा म्हणून तिचे मूळ पिकअप काढून दणकट आवाजाचे नवे बसवले होते. ते परत बदलायचे राहून गेले. (पिकअप म्हणजे तारांखालची चपटी डबी, आत लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, वरची तार थरथरली की तिच्यात वीज जागी होते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. हे कंसात लिहिलं ते पत्र चुकून दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याच्यासाठी.) प्रितेशला मी रागावलो नाही. तो म्हणाला, "काका, त्या दिवशी डीजे बंद पडला होता." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा भलतंच समाधान होतं.

मग मी जुना आवाज देणारे नवे पिकअप शोधायला लागलो. दाजी, हा एक स्वतंत्र संसार आहे. इंटरनेटवर जगभरची पोक्त माणसं दिवसरात्र हाच विचार करत बसली आहेत. कुणी लिहितो आवाज उबदार आहे, कुणी लिहितो लाकडी आहे, कुणी मलईदार, कुणी काचेसारखा, आणि एकाने लिहिलं होतं की या पिकअपच्या आवाजात हवा आहे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं आपण चुकून मिठाईवाल्याच्या पानावर आलो. दुसऱ्या आठवड्यात मीही तसंच बोलायला लागलो. सोनलने डाळीची चव विचारली तर मी म्हणालो, मधला भाग ठीक आहे, वरचा थोडा टोचतो. एक टकलू गोरे गृहस्थ व्हिडिओत एकच चाल दोन पिकअपवर वाजवतात आणि विचारतात, फरक कळला? मला कळत नव्हता. सोनलला बोलावून ऐकवलं. ती लगेच म्हणाली, दुसरा. मी थक्क झालो. मग कळलं की मी सकाळी दोन भाज्या विचारल्या होत्या, त्याचं उत्तर ती आता देत होती. तरी मी दुसराच मागवला. तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

तो पिकअप आला कसा तेही ऐका. दापोड्याच्या आमच्या गोदामात मी इनवर्डला, म्हणजे आलेला माल उतरवून घ्यायला, उभा होतो आणि पट्ट्यावरून माझंच नाव असलेलं खोकं माझ्यासमोरून गेलं. मी त्याला हात लावला. सिस्टीमने मला सांगितलं की हे पार्सल उचलण्याचा अधिकार मला नाही. सुपरवायझर मीच आहे, म्हणून मी स्वतःकडे परवानगी मागितली आणि नियमाप्रमाणे स्वतःला नाकारली. ते खोकं तिथून दुसऱ्या गोदामात, तिथून ठाण्याला आणि ठाण्याहून पुन्हा भिवंडीला असं हिंडून पाचव्या दिवशी घरी पोचलं. उघडलं तर पिकअप गंजलेला, चरे पडलेला, कोपरा उडालेला. तक्रार करायला माहितीपत्रक उघडलं, तर त्यात अभिमानाने लिहिलं होतं की हे सगळं कारखान्यात मुद्दाम केलेलं आहे. माल नवा, म्हातारपण वरून लावलेलं. आम्ही इथे केस काळे करतो आणि तिकडे पिकअपचे पिकवतात.

तो बसवला भाविकने. भाविक म्हणजे कल्याण नाक्याकडे बेंजो, कीबोर्ड आणि लग्नातले माइक दुरुस्त करणारा गुणी माणूस. बोलतो कमी आणि बोलण्याआधी डिंक लावल्यासारखे ओठ चिकटवून बसतो. आवाज चांगला होता, पण तो नव्हता. शहाण्या पाहुण्यासारखा होता. चप्पल बाहेर काढून, हात पुसून, सतरंजीच्या कडेला बसणारा. शिवाय अँप मोठा केला की कुकरच्या शिट्टीसारखा ओरडायचा. भाविक म्हणाला, याला मेणात बुडवावा लागेल, आतल्या तारा हलतात म्हणून ओरडतो. हे काम त्याने करायचं ठरलं होतं, पण मला दम निघाला नाही. विहारातल्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आम्ही साठवतोच. ते दुधाच्या पातेल्यात घातले, मंद आचेवर ठेवले आणि त्यात पिकअप सोडला. मेण कसं हळूहळू पारदर्शक होत जातं हे तुम्ही कधी निवांत बघितलं आहे का? मी बघत बसलो. तळाशी ती डबी, तिच्यातून मोत्यांसारखे बुडबुडे वर येत होते, आणि मला वाटलं, आत अडकलेला जुना श्वास सुटतो आहे. प्रत्यक्षात प्लॅस्टिक सुटत होतं. भानावर आलो तेव्हा पिकअपचा आकार घारगीसारखा झाला होता. पातेलं मी तीन वेळा घासलं. तरी दुसऱ्या दिवशीच्या चहावर जो तवंग आला, तो बघून सोनल उठली. पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतःसाठी काळा चहा करून घेतला.

खरं तर मी तिथेच थांबलो असतो. पण प्रितेशला माझी दया आली असावी. रविवारी तो पत्र्याचा एक डबा घेऊन आला. बेंजोच्या तुटक्या कळा, स्क्रू, वॉशर, आणि सगळ्यात खाली तुमच्या गिटारचा मूळ पिकअप. (दोन होते, दुसरा कुठल्यातरी हळदीत हरवला.) भाविकने मीटर लावला. आतली तार तुटलेली, पिकअप मुका. चुंबक मात्र शाबूत. भाविकने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "काका, जुना आवाज विकत मिळत नाही. हाच पुन्हा भरावा लागेल. आठ हजार वेढे. केसापेक्षा बारीक तार." मोटर वाइंडिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांची सारी हयात लूमच्या मोटारी भरण्यात गेलेली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, मेरे पास जो सबसे पतला तार है, वो इसके आगे रस्सी है." तार शेवटी भाविकने मुंबईहून आणली. उजेडात धरली तर दिसायची, सावलीत नाही. आम्ही दोघांनी ड्रिल मशीनवर भरायला घेतली. पहिल्या वेळी अकराशेवर तुटली, दुसऱ्या वेळी चारशेवर, आणि तिसऱ्या वेळी मी शिंकलो.

हे सगळं आमच्या ओट्यावर चाललं होतं आणि समोरच्या ओट्यावरून बायजाबाई बघत होत्या. बायजाबाई तुम्हाला आठवतात ना? लूमवर पस्तीस वर्षं कांड्या भरल्या. धोट्यात बसणारी ती सुताची छोटी कांडी दिवसाला शेकड्यांनी भरायच्या. आपली मीराताईसुद्धा लग्नाआधी त्यांच्या शेजारच्या मशीनवर होती. चौथ्यांदा तार तुटली तेव्हा त्या उठल्या, गुडघे धरत रस्ता ओलांडून आल्या आणि मला म्हणाल्या, "तार भरतोस का बैल वढतोस? हात सैल सोड. ती तार हाय, नवरा न्हाय." भाविक पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

काल शुक्रवार, लूम बंद. तुम्हाला ती शुक्रवारची दुपार माहीत आहे. एरवी भिंतीसुद्धा खटखटत असतात, आणि त्या दिवशी एकदम सगळं थांबतं, तेव्हा कामतघर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. माणसांचे आवाज लांबून येतात. कबुतरांचे पंख ऐकू येतात. बायजाबाईंनी माळ्यावरून सासूचा कांडी भरायचा रहाट उतरवून घेतला. भाविकने चातीवर, म्हणजे रहाटाच्या फिरत्या दांडीवर, लाकडाचा तुकडा बसवून त्याला पिकअप अडकवला. त्यांनी विचारलं, किती भरायचं? मी म्हणालो, आठ हजार वेढे. त्या म्हणाल्या, "म्या मोजत न्हाय. गानी किती ते सांग." कांड्या भरताना त्या गाण्यांवर हिशेब ठेवायच्या म्हणे. भाविकने चातीवर खडूची खूण केली, त्यांना एक गाणं म्हणायला लावलं आणि सांगितलं, एका गाण्याला साधारण चारशे. म्हणजे वीस गाणी.

त्यांनी वीस गाणी म्हटली, दाजी. दारातून उन्हाची तिरीप येत होती आणि त्या उन्हात मध्येच तार दिसायची, मध्येच नाहीशी व्हायची, मग नुसती त्यांची दोन बोटं दिसायची, काहीच न धरता काहीतरी धरलेली. काही गाणी तुमच्या पार्टीची होती, काही कांडीवरच्या बायकांनी केलेली. बाराव्या गाण्याला त्या म्हणाल्या, हे मीराचं. त्या गाण्यात त्यांचा हात हळू झाला. भाविक खूण बघत होता, तो माझ्या कानात म्हणाला की वेढे एकसारखे बसत नाहीत. आणि मग थोड्या वेळाने तोच म्हणाला, राहू द्या, जुने पिकअप हातानेच भरलेले असायचे, त्यांच्यातही असेच असायचे, म्हणूनच त्यांचा आवाज तसा. मी खांबाला टेकून ऐकत होतो. झोपलो नव्हतो, पण जागा होतो असंही सांगता येणार नाही. विसावं गाणं संपलं आणि त्यांनी तार दाताने तोडायला वाकावं तेवढ्यात भाविकने कात्री पुढे केली. मीटर लावला. काटा हलला. बायजाबाई म्हणाल्या, "झाला न्हवं?" आणि चहाला घरी गेल्या.

संध्याकाळी भाविकने तो मेणात बुडवून (त्याच्याकडे, त्याच्या भांड्यात) गिटारमध्ये बसवला. मी घरी येऊन एक तार छेडली. आवाज गोड होता, गोल होता, इंटरनेटवरचे सगळे शब्द त्याला लागू पडत होते. तरी काहीतरी कमी होतं. मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. सोनलला सांगितलं तर ती म्हणाली, आता चांगला झाला आहे, गप्प बसा.

आज सकाळी सातला लूम सुरू झाले. मी अँप तसाच चालू ठेवला होता. अँपमधून आपोआप एक बारीक गुणगुण यायला लागली. लूमच्या मोटारींची वीज तो पिकअप हवेतून ओढून घेत होता. भाविकला फोन केला. तो म्हणाला, जुन्या पद्धतीचे पिकअप असेच असतात, आतून तांब्याचा पत्रा लावू, गुणगुण कमी होईल. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने तार छेडली. आणि तो आला, दाजी. तोच. मैदानातला. गुणगुण खाली पसरलेली आणि तिच्यावर तो आवाज तरंगत होता, जसा त्या संध्याकाळी होता. आम्ही इतकी वर्षं ज्याला तुमच्या गिटारचा आवाज म्हणत होतो, त्यात निम्मं कामतघर होतं. मी भाविकला सांगितलं, पत्रा नको. सोनल स्वयंपाकघरातून आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि या वेळी काय पडलं ते तिने विचारलं नाही.

एवढंच कळवायचं होतं. बाकी सगळं क्षेम. गुडघ्यांना जपा, कुंडात फार वेळ बसू नका, आणि जेवण वेळेवर घ्या. मोठ्यांना लिहिताना याहून जास्त उपदेश करू नये असं ताई सांगायची, म्हणून थांबतो.

तुमचा,
रवींद्र

ता. क. एक गोष्ट सांगायची राहिली. मला गिटार वाजवता येत नाही. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण चार महिने मी ज्या अधिकाराने बोलतो आहे त्यामुळे भाविकला आणि प्रितेशला ते ठाऊक नाही. मला एक तार छेडता येते, तीही अंगठ्याने. त्यामुळे हा आवाज अजून कुणी खऱ्या अर्थाने ऐकलेला नाही.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, पाठवून दे गिटार. पाठवून उपयोग नाही. अकलोलीत लूम नाहीत. तुमची खोली आज दुपारी सोनलने झाडून घेतली आहे, पंख्याला तेल घातलं आहे, आणि पाण्याचा माठ भरून ठेवला आहे.

ता. क. तिसरा, रविवार सकाळ. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते घेऊन दारात उभी आहे ती मेघाली. गाडीत मागच्या सीटवर बायजाबाई बसल्या आहेत. मी नको म्हणत होतो. कोंडू मास्तर (त्यांच्यासाठी तुम्ही अजून मास्तरच) घरी येईपर्यंत आपण तिथेच राहणार, असं सांगून त्यांनी दोन दिवसांचे कपडे, गोळ्यांचा डबा आणि स्वतःची उशी बरोबर घेतली आहे. तुम्ही आजच निघणार असाल, तर त्यांची पिशवी खाली उतरवून घेऊ नका.